गाठीला पहिला हात कुणाचा?

आपल्या गावांत हाडाचा डॉक्टर सगळ्यांना माहीत असतो. कॅन्सरचा डॉक्टरही आता बहुतेकांना ठाऊक झाला आहे, कारण दर दुसऱ्या घरात कुणीतरी त्याच्यापर्यंत जाऊन आलेले असते. पण हाडाच्या कॅन्सरचा डॉक्टर हा या दोघांपेक्षा वेगळा असतो, त्याचे शिक्षण वेगळे असते आणि गाठीला पहिला हात त्याचाच लागला पाहिजे, ही गोष्ट फारच थोड्या लोकांना माहीत आहे. शिकलेल्यांनाही नाही. माझ्या मते या एका अज्ञानापायी जितके पाय कापले जातात, तितके खुद्द आजारापायी जात नसतील.

या डॉक्टरांना ऑर्थोपेडिक ऑन्कोलॉजिस्ट म्हणतात. हाडे आणि मांस, चरबी, स्नायू, नसा अशा मऊ भागांत होणाऱ्या गाठींवर ते उपचार करतात. त्यातल्या घातक गाठींना सार्कोमा म्हणतात. मी भाषेचा मास्तर असल्यामुळे शब्दांकडे आधी लक्ष जाते. मराठीत कर्करोग म्हणजे खेकड्याचा रोग. उर्दूत आपण सरतान म्हणतो, त्याचाही अरबी अर्थ खेकडाच. इंग्रजी कॅन्सरचे मूळही तेच. सार्कोमा मात्र ‘मांस’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. इतक्या भाषांनी या आजाराला नाव दिले, पण आपल्या मोहल्ल्यात ते नाव कुणी घेत नाही. ‘वो बीमारी’ एवढेच म्हणतात. ज्याचे नाव घ्यायला आपण घाबरतो, त्याचा डॉक्टर कोण हे विचारणार तरी कसे?

हा आजार दुर्मिळ आहे. मोठ्या माणसांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये सार्कोमाचा वाटा जेमतेम 1 टक्का असतो. लहान मुलांत आणि किशोरवयीनांत हे प्रमाण बरेच जास्त आहे. त्यातला ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर प्रामुख्याने 10 ते 20 या वयात होतो, म्हणजे हाडे झपाट्याने वाढत असतात तेव्हा. तो बहुतेक वेळा गुडघ्याच्या वर किंवा खाली, आणि काही वेळा खांद्याजवळ होतो. युइंग सार्कोमाही याच वयोगटातला. थोडक्यात, ज्या वयाची मुले माझ्यासमोर आठवी ते दहावीच्या बाकांवर बसतात, त्याच वयाचा हा आजार आहे. म्हणून एका मास्तराने यावर लिहावे, यात कुणाला नवल वाटू नये.

आता हे दुखणे आपल्याकडे कोणत्या वाटेने जाते ते पाहू. मुलाचा गुडघा दुखतो. घरचे म्हणतात, खेळताना लागले असेल. मुलालाही एखादी पडझड आठवते, कारण या वयातले मूल रोज कुठेतरी पडतच असते. मग बाम लावला जातो, हळद-चुना लावला जातो. आठ-पंधरा दिवसांनी सूज दिसते, तेव्हा हाडवैद्याकडे नेतात. आमच्या मराठवाड्यात मुस्लिम मोहल्ल्यांत त्याला पहिलवान म्हणतात. तो चोळतो, ओढतो, लेप लावतो, पट्टी बांधतो. कुणी दम करून आणलेले पाणी देते, कुणी तावीज बांधते. दुआ करण्याला कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. पण दुआ आणि एक्स-रे एकाच दिवशी होऊ शकतात. एक झाल्यावरच दुसरे, असा काही नियम नाही.

मालिशीने आणि ओढाताणीने केवळ महिने वाया जात नाहीत. गाठीने पोखरलेले हाड कच्चे झालेले असते, ते मोडू शकते. मोडले तर गाठीतल्या पेशी रक्ताबरोबर आजूबाजूच्या मांसात पसरतात आणि जो पाय वाचला असता, तो वाचवणे अवघड होऊन बसते.

पण माझा राग पहिलवानांपुरता नाही. त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलेले नाही. पुढचा टप्पा मला जास्त चिंतेचा वाटतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या नववीच्या एका मुलाच्या गुडघ्याखाली सूज आली. वडील भाड्याचा टेम्पो चालवायचे. दोन महिने लेप झाले, मग एका खासगी दवाखान्यात नेले. तिथे पू झाला असावा असे समजून सुजेवर आडवा चिरा दिला गेला. आत पू नव्हता. जे निघाले, त्यातला तुकडा तपासायला पाठवला आणि जखम शिवून टाकली. अहवाल आल्यावर ‘मुंबईला न्या’ एवढे सांगण्यात आले. मुंबईला पोहोचेपर्यंत गाठ सगळ्या जखमेत पसरली होती. पाय मांडीतून काढावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होते, ‘सर, हम लोगाँ हड्डी के डॉक्टर कनेच तो लेके गए थे ना.’

त्यांचे म्हणणे खरे होते. ते हाडाच्याच डॉक्टरकडे गेले होते. हाडाचा साधा डॉक्टर मोडलेले हाड उत्तम जोडतो, गुडघा बदलतो, मणका सांभाळतो. पण हाडाचा सार्कोमा त्याला आयुष्यभरात मोजक्या वेळा दिसतो. जे वर्षाकाठी एखादवेळी दिसते आणि जे रोज दिसते, त्यांत हाताला लागलेल्या सवयीचा फरक असतो. हा कुणाच्या हुशारीचा प्रश्न नाही.

बायॉप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढणे. ही गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. पण सार्कोमात सगळ्यात नाजूक पायरी हीच असते. सुई ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात, असे धरून चालतात. म्हणून नंतरच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ती वाटही गाठीसोबत कापून काढावी लागते. साहजिकच, सुई कुठून घालायची हे ज्याला पुढची शस्त्रक्रिया करायची आहे, त्यानेच ठरवायला हवे. चिरा द्यायची वेळ आलीच, तर तो हातापायाच्या लांबीच्या दिशेने द्यायचा असतो, आडवा कधीच नाही. सुई चुकीच्या स्नायूतून गेली किंवा मुख्य रक्तवाहिन्यांच्या अंगाने गेली, तर पाय वाचवायला लागणारा चांगला भाग आधीच बिघडतो. शिवाय बायॉप्सीच्या आधी एमआरआय झालेला बरा, कारण एकदा कापाकापी झाली की चित्र स्पष्ट येत नाही.

हे माझे पदरचे बोल नाहीत. अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक हेन्री मॅन्किन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर 1982 साली 329 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 4.5 टक्के रुग्णांचे हातपाय केवळ बायॉप्सीतल्या गोंधळामुळे, गरज नसताना कापावे लागल्याचे दिसले. 1996 साली त्यांनी 597 रुग्णांचा दुसरा अभ्यास मांडला. चौदा वर्षांनंतरही हे प्रमाण 3 टक्के होते. आणि बायॉप्सी जिथे पुढचे उपचार होणार तिथे न होता आधीच्या दवाखान्यात झाली असेल, तर चुका आणि गुंतागुंती 2 ते 12 पट जास्त आढळल्या. ही अमेरिकेची गोष्ट आहे, जिथे यंत्रांची आणि पैशांची वानवा नव्हती. आपल्या तालुक्यांत काय होत असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

वेळेवर योग्य हातात गेलेल्या मुलाचे काय होते, हेही सांगायला हवे, नाहीतर हा लेख नुसता भीती घालणारा होईल. 1970 च्या दशकापर्यंत ऑस्टिओसार्कोमा म्हणजे पाय कापणे आणि तरीही मृत्यू, असेच समीकरण होते. पाय काढूनसुद्धा 5 पैकी 4 रुग्ण दगावत, कारण आजार छुप्या रीतीने फुप्फुसात पोहोचलेला असे. कॅनडाचा टेरी फॉक्स हा मुलगा याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. 1977 साली 18 व्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. 1980 मध्ये कृत्रिम पायावर तो कॅन्सर संशोधनासाठी निधी गोळा करत कॅनडाभर धावायला निघाला. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर धावला आणि थांबला, कारण आजार फुप्फुसात उतरला होता. 1981 च्या जूनमध्ये तो गेला. वय 22.

त्यानंतर चित्र बदलले. आता आधी सुमारे अडीच-तीन महिने केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. आजार पसरलेला नसेल आणि उपचार पूर्ण झाले, तर 100 पैकी 60 ते 70 रुग्ण बरे होतात. आणि मोठ्या केंद्रांत बहुतेकांचा हात किंवा पाय वाचवला जातो. गाठ असलेला हाडाचा भाग सांध्यासकट काढून तिथे धातूचा सांधा बसवतात, त्याला मेगाप्रॉस्थेसिस म्हणतात. तो आता देशी बनावटीचाही मिळतो. काही वेळा काढलेले हाड किरणोत्साराने निर्जीव करून तेच पुन्हा जागेवर बसवतात. लहान मुलाचे वय वाढायचे असेल, तर लांब करता येणारा सांधाही असतो, फक्त तो महाग आहे. रोटेशनप्लास्टी नावाची एक शस्त्रक्रिया आहे. त्यात गुडघा काढून पायाचा खालचा भाग उलटा फिरवून वर जोडतात, म्हणजे घोटा गुडघ्याचे काम करतो. दिसायला हे विचित्र वाटते, पण कृत्रिम पाय लावून मूल पळू शकते, सायकल चालवू शकते.

ही सगळी करामत एका माणसाची नसते. शल्यचिकित्सक, केमोथेरपी देणारा डॉक्टर, एमआरआय वाचणारा, काचपट्टीवरचा तुकडा ओळखणारा पॅथॉलॉजिस्ट, किरणोपचार करणारा आणि फिजिओथेरपिस्ट असे सगळे एकत्र बसून एका मुलाचा निर्णय घेतात. युइंगला किरणोपचार लागू पडतो, ऑस्टिओसार्कोमाला फारसा नाही. जायंट सेल ट्यूमर नावाची हाडाची गाठ तर बहुतेक वेळा कॅन्सर नसतेच, पण हाड पोखरते. कोणती गाठ कोणती, हे ओळखण्यातच अर्धी लढाई असते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. ‘सगळ्यांनाच मुंबईला पाठवायचे का? परळचे टाटा रुग्णालय आधीच ओसंडून वाहते आहे. बाहेर फूटपाथवर रुग्ण झोपतात.’ 1941 साली सुरू झालेल्या या रुग्णालयावर अख्ख्या देशाचा भार आहे, हे मान्य. पण दुर्मिळ आजाराचे उपचार मोजक्या जागी एकवटणे हाच शहाणपणा आहे. इंग्लंडमध्येही हाडाच्या सार्कोमाच्या शस्त्रक्रियेसाठी 5 केंद्रे ठरवून दिलेली आहेत. गल्लोगल्ली हे तज्ज्ञ असावेत, अशी माझी मागणी नाही. माझी मागणी त्यांच्यापर्यंतच्या रस्त्याची आहे. निदान, बायॉप्सी आणि शस्त्रक्रिया तज्ज्ञांकडे व्हावी. केमोथेरपीची काही चक्रे, रक्ताच्या तपासण्या आणि फिजिओथेरपी त्यांच्या सल्ल्याने जवळच्या केंद्रात होऊ शकते. औरंगाबादला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. देशभरातल्या कॅन्सर केंद्रांना जोडणारे नॅशनल कॅन्सर ग्रिड 2012 पासून आहे. कागदपत्रे ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचे मत मिळवण्याची ‘नव्या’ ही सेवाही आहे. म्हणजे तज्ज्ञही आहेत आणि सोयीही आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातल्या टेबलापासून तिथपर्यंतचा फलक मात्र कुणी लावलेला नाही.

हा फलक सरकारने लावावा. जिल्हा रुग्णालयापासून खासगी दवाखान्यापर्यंत एकच साधा नियम हवा: एक्स-रेत हाडाची गाठ वाटली, किंवा मांसातली गाठ 5 सेंटीमीटरहून मोठी, खोलवर किंवा वाढत असलेली दिसली, तर तिला सुरी लावू नका. फोटो काढा, चिठ्ठी लिहा, पाठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात. त्या तपासणीत ‘एकाच हाताला किंवा पायाला तीन आठवड्यांहून जास्त दुखते का, रात्री झोपमोड होते का, सूज आहे का’ हे तीन प्रश्न ठसठशीतपणे विचारले जावेत. गुडघेदुखी बहुतेक मुलांत साधीच असते, घाबरण्याचे कारण नाही. पण साधी गुडघेदुखी एकाच जागी मुक्काम ठोकत नाही आणि सूजत जात नाही. शंका आली तर दोन्ही बाजूंनी काढलेला एक्स-रे अनेकदा बरेच काही सांगून जातो. त्याला लागणारा खर्च पहिलवानाच्या महिनाभराच्या पट्ट्यांहून कमीच भरेल.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. आपल्याकडे मदत करण्याची वृत्ती कमी नाही. जुम्याच्या नमाजनंतर चादर पसरली की पाच-दहा हजार सहज जमतात. व्हॉट्सअपवर ‘ऑपरेशन के लिए मदद’ असा संदेश फिरतो, जकातीचे पैसे येतात. पण ही मदत नेहमी शेवटच्या टप्प्यावर येते. मूल खाटेला खिळले की आपले हात सैल सुटतात. खरी गरज पहिल्या आठवड्यात असते: एमआरआयला, पहिल्या प्रवासाला, मुंबईत आठ दिवस राहायला. मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडे माफ असते, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात, तिथे कुणाला जात-धर्म विचारला जात नाही. पण ही सवलत मिळायला रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते आणि प्रमाणपत्र मिळायला आधी तिथे पोहोचावे लागते. त्या पहिल्या खेपेचे पैसे मशिदीच्या कमिटीने, एखाद्या बैतुलमालने बाजूला ठेवले, तर ती शेवटी दिलेल्या लाखाहून मोठी मदत ठरेल.

दुसरी गोष्ट मुलींची. मुलाची गाठ उशिरा दाखवली जाते, मुलीची लपवली जाते. ‘रिश्ते येणार नाहीत’ ही भीती आईच्या मनात गाठीच्याही आधी येते. पाय कापायचा म्हटले की ‘अधुरा जिस्म’ म्हणून उपचारच नाकारणारी घरे मी पाहिली आहेत. जीव वाचवण्यासाठी अवयव काढायला उलेमांची हरकत नसते, काढलेला अवयव अदबीने दफन करता येतो, हे इमाम साहेबांनी मिंबरवरून एकदा स्पष्ट सांगितले, तर कितीतरी घरांतला पेच सुटेल. आमच्यासारख्या मास्तरांनी शंभर वेळा सांगण्यापेक्षा ते एकदा सांगणे भारी.

आणि शाळेचे काय? हे उपचार सात-आठ महिने ते वर्षभर चालतात. मुलाचे केस जातात, वजन उतरते, पटावरून नाव निघते. बरे झालेले मूल परत येते, तेव्हा त्याची हजेरी भरत नाही. इथे मुख्याध्यापकांनी नियमांच्या आड लपू नये. दहावीला 17 नंबरच्या फॉर्मने खासगीरीत्या बसता येते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, तर पेपरला तासामागे 20 मिनिटे जादा मिळतात. माझा तो विद्यार्थी कृत्रिम पायावर परीक्षा केंद्राच्या पायऱ्या चढला आणि पास झाला. आज तो मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवतो. तो जगला, याचा आनंद आहेच. पण त्याचा पाय आजाराने नेला की एका आडव्या चिऱ्याने, हा प्रश्न त्या आनंदाने मिटत नाही.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे. घरात, वर्गात, मोहल्ल्यात कुणाच्या हातापायाला न जाणारी गाठ किंवा सूज दिसली, तर चोळू देऊ नका, कापू देऊ नका. आधी एक्स-रे काढा. त्यात गाठ दिसली, तर समोरच्या डॉक्टरांना अदबीने पण स्पष्ट विचारा: ‘साहेब, ही बायॉप्सी तुम्ही करणार, तर पुढची शस्त्रक्रियाही तुम्हीच करणार आहात का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर एक्स-रे हातात घ्या आणि जे करणार आहेत त्यांच्याकडे जा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तो स्वतःच चिठ्ठी लिहून देतो.